ठाण्याचे अळणी दिवस

ठाण्याला माणसे लग्नाला जातात, नोकरीला जातात, कोणाच्या बारशाला जातात. मी गेल्या माघात माझे एक मूत्रपिंड धाकट्या भावाला देता येईल का, हे विचारायला गेले होते. ज्यांना असा प्रवास कधी करावा लागला नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्यांना तो कधी करावा लागूही नये.

खोपट

देवरूखची एस.टी. खोपटच्या आगारात शिरली तेव्हा उजाडत होते. डिझेलचा धूर, फिनेल आणि आले ठेचून उकळलेला चहा असे तीन वास एकावर एक रचलेले. पिशवी उचलून मी आसनावरून उठले आणि डोळ्यांपुढे काळे पाणी चढत यावे तसे झाले. दांडा धरून उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, “ओ मावशी, सावकाश. ठाणं कुठं पळून नाही जात.”

प्रवासाचा शीण असेल, असे मी स्वतःला सांगितले. पण मला कारण ठाऊक होते, आणि ते कोणाला सांगायचे नव्हते.

नवरात्रात मोहनची बायोप्सी झाली. दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत चालली आहेत, असे फोनवर कळले, त्या दिवशी मी आमच्या ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवला आणि मनात म्हटले, “त्याचे निभावेपर्यंत मी मीठ खाणार नाही.” आमच्या घराण्यात नवस मोठ्याने बोलत नाहीत. मनात बोलायचा आणि फिटेपर्यंत ओठ मिटून राहायचे. मोहन पाच वर्षांचा असताना विषमज्वराने फणफणला होता, तेव्हा आईने असेच मीठ सोडले होते. आई पानात नुसता भात कालवते आहे आणि डोळे खाली आहेत, हे चित्र माझ्या लहानपणाच्या भिंतीवर कायमचे टांगलेले आहे. मोहन वाचला. नवस फिटून मीठ पुन्हा तोंडात जाईपर्यंत आईने काही सांगितले नाही.

तर, मी चार महिने अळणी होते. मराठी शिकवणारी बाई, कवितेतल्या अक्षराअक्षराचा अर्थ लावणारी. पण या बाबतीत मी अर्थ लावला नाही. मी भ्याले होते.

डोंबिवली

मोहनचे घर चौथ्या मजल्यावर. दार त्यानेच उघडले. तांदूळ धुतलेल्या पाण्याचा रंग त्याच्या चेहऱ्याला आला होता. ओठ, नखे, डोळ्यांच्या कडा, सगळीकडून कोणीतरी लाली पुसून नेली होती. तो खासगी शिकवणीत गणित शिकवतो. फळ्यापुढे चार-चार तास उभा राहणारा माणूस आता दारापासून खुर्चीपर्यंत येताना दोनदा थांबला.

“ताई, ही शहाळी कोणासाठी आणलीस?”

“तुझ्यासाठी. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं कोणी येतं का?”

तो हसला. “बघ शुभा, मला मारायला खास देवरूखहून माणूस आलंय.”

शुभा, माझी भावजय, हलक्या आवाजात म्हणाली, “ताई, शहाळ्यात पोटॅशियम असतं. त्यांच्या किडन्यांना ते बाहेर टाकता येत नाही. साठलं तर हार्ट थांबू शकतं.” मग माझा चेहरा पाहून घाईने, “तुम्हाला कसं माहीत असणार?” आमच्या परसातली, माझ्या देखत उतरवलेली चार हिरवी शहाळी खाली वॉचमनकडे गेली. आमच्याकडे अमृत मानतात ते या घरात विष होते, हे मी पहिल्या तासात शिकले.

मोहनने डाव्या हाताची बाही वर केली. उद्या डायलिसिस करावे लागले तर, म्हणून मनगटाजवळ रक्ताच्या दोन नळ्या शिवून जोडल्या होत्या. “कान लाव.” मी लावला. आत एक अखंड गुणगुण होती, मधाच्या पोळ्याजवळ गेल्यावर येते तशी. मी कान काढून घेतला तरी ती ऐकू येत राहिली.

संध्याकाळी औद्योगिक वसाहतीकडून वारा फिरला की हवेत कडवट बदामासारखा काहीतरी वास येतो. शुभा बोलता बोलता, मान न वळवता हात लांबवून खिडकी ओढून घेते. आमच्याकडे खिडकी पावसाच्या झडीसाठी लावतात. फ्रिजच्या दारात कोथिंबिरीच्या डब्याशेजारी इंजेक्शनांची पेटी असे. दर शनिवारी शुभा त्यातले एक मोहनच्या दंडात टोचायची. ते कशाचे, हे तेव्हा मला माहीत नव्हते.

जेवणाची वेळ माझ्यासाठी परीक्षेची. शुभाचे माहेर वाईचे. पान वाढताना तिचा हात पहिल्यांदा मिठाच्या सटाकडे जातो. पानाच्या वर मधोमध मिठाची चिमूट, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर. मोहनची भाजी कमी मिठाची होती, पण अळणी नव्हती. म्हणून मी “माझं प्रेशर जरा वर असतं” असे खोटे बोलून स्वतःपुरते वरण मीठ घालण्याआधी काढून घेई, नाहीतर दूधभात. वाढलेली चिमूट पानात तशीच राही. उठताना मी ती ओल्या बोटाने पुसून टाकी. शुभा पाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढी.

माजिवडा

माजिवड्याला रस्त्यांवर रस्ते रचलेले आहेत. त्या पुलांखालून गेले की एका वळणावर रुग्णालय. तिथे माझ्या तपासण्या सुरू झाल्या: रक्त, सोनोग्राफीची चित्रे, रक्तदाब आडवे झोपवून आणि उभे करून. शुभाला मधुमेह, मोहनला आणखी कोणी नाही. रक्तगट जुळला तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, “सध्या तुम्हीच एक दार आहात.”

एका तपासणीसाठी चोवीस तासांची लघवी पाच लिटरच्या कॅनमध्ये जमवून आणायची होती. ती मी साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत घालून निघाले. ठाणे स्टेशनाबाहेर शेअर रिक्षात शेजारी बसलेल्या बाईंनी माझे बोलणे ऐकले आणि पिशवीकडे पाहिले.

“कोकणातल्या वाटतं? कोकमाचं आगळ आहे का हो? आम्हाला चांगलं मिळतच नाही इकडे.”

“नाही हो,” मी पिशवी घट्ट धरली.

“थोडंसं द्या की. बाटली आहे माझ्याकडे.”

“ते... देवाचं आहे,” मी म्हणाले. बाईंनी पिशवीला हात लावून नमस्कार केला. भीतीच्या त्या दिवसांत मी एकदाच हसले, तेही रिक्षातून उतरल्यावर, पुलाच्या खांबाला टेकून.

नमुने घेण्याच्या खोलीत पारूमावशी होत्या. कोपरीच्या, आगरी घरातल्या, हिरवा चुडा, दणकट पंजा. कॅन उचलून त्यांनी उजेडात धरला. “बराच भरलंस गो बाय!” लाजेने मी घाम पुसला.

डॉक्टर साधारण चाळिशीच्या, मृदू आवाजाच्या. मी त्यांना विचारले, “माझ्या भावाच्या आत नेमकं झालंय काय?” त्यांनी पडद्यावर बायोप्सीचे चित्र उघडले.

गुलाबी रंगाच्या नक्षीमधून निळी जळमटे पसरली होती. इतके सुंदर आणि इतके भयंकर एकाच वेळी मी पाहिले नव्हते.

“निळं दिसतंय तो व्रण. आता गंमत बघा... गंमत म्हणू नये, पण बघा. या नळ्यांच्या मधल्या जागेत काही पेशी असतात. रक्तात प्राणवायू कमी पडला की त्या एक हार्मोन सोडतात, आणि ते हाडांमधल्या मज्जेला सांगतं, रक्त बनव. मोहनच्या या पेशी मेलेल्या नाहीत सगळ्या. त्यांनी काम बदललंय. हार्मोन सोडून त्या आता व्रणाचे धागे काढतात.”

“म्हणून तो पांढरा पडलाय?”

“म्हणून. फ्रिजमध्ये असतील ना इंजेक्शनं? तेच हार्मोन आपण बाहेरून देतोय.”

“आणि त्या पेशी पुन्हा पहिल्या कामावर नाही येणार?”

“प्राण्यांमध्ये काही परतताना दिसल्यात. तुमच्या भावाबद्दल मी खोटी आशा लावणार नाही.”

आपल्याच शरीरातले आपलेच काहीतरी, काही न बोलता, दुसरेच होऊन जाते. कॉरिडॉरमधून चालताना मी पोटावर हात धरला होता. आत अंधारात माझे काय काय चालले असेल?

चार दिवसांनी बोलावणे आले.

“ताई, तुमचा रिपोर्ट मला आवडलेला नाही.” डॉक्टरांनी कागद माझ्याकडे वळवला. “प्रेशर खाली आहे, उभं केलं की आणखी पडतं. किडनीची गाळण्याची ताकद हवी त्यापेक्षा कमी. आणि रेनिन, म्हणजे किडनीतलं एक हार्मोन, ते इतकं वर की मला काळजी वाटते. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत काही असू शकतं. शोधावं लागेल. तोवर डोनर म्हणून तुमची फाइल थांबवतेय.”

“किती दिवस?”

“सांगता येत नाही. आणि मोहनकडे फार दिवस नाहीत. डायलिसिस लवकरच सुरू करावं लागेल.”

बाहेर बाकावरून उठले आणि काळे पाणी पुन्हा चढले. या वेळी दांडा नव्हता. पडले नाही, कारण पारूमावशींच्या पंजाने दंड धरला.

“बस, बाय. बस आदी.” त्यांनी माझ्या खालच्या पापण्या पाहिल्या, जीभ दाखवायला लावली. “आमचे कोपरीचे मिठागरावं बायांना असाच व्हायचा. मिठाचे राशीवर उभ्या, नि आंगातला मीठ घामान गेलेला. माजी आय जिभेवर चिमूट ठेवाची.” पदराआडून त्यांनी कागदाची पुडी काढली, पेरूबरोबर खायची ठेवलेली असावी. चिमूट माझ्या ओठांशी आणली.

मी तोंड फिरवले.

त्यांचा हात तसाच राहिला. मग आवाज एकदम खाली आला. “सोरलास काय गो मीठ?”

मी पदराने ओठ झाकले.

“नको सांगू. मना दिसतं.” पुडी मिटून त्या म्हणाल्या, “पन तीस सांग, डाक्तरीनला. ती काय देव नाय. तिला राग येनार नाय.”

मी कितीतरी वेळ तिथे बसून होते. बोलले तर नवस मोडणार, आणि मोडला तर मोहन; पण न बोलावे तर मी दार बंद करून, त्याची किल्ली मुठीत धरून बसलेली. शेवटी मी उठले, सावकाश, भिंत धरून, आणि आत गेले.

“डॉक्टर, मी नवरात्रापासून, चार महिने मीठ खाल्लेलं नाही.”

त्यांनी कागद पालटला, लघवीतल्या क्षाराच्या आकड्यावर बोट ठेवले आणि डोळे मिटले. “जवळजवळ काहीच नाही. मी याला लॅबची चूक समजत होते, पुन्हा करायला सांगणार होते.” रागावल्या नाहीत. रिपोर्टच्या पाठीवर त्यांनी एक बारीक नळी काढली. “ही रक्त आत नेते. भिंतीत स्नायूच्या पेशी. आकसायचं, सैल व्हायचं, एवढंच यांचं रोजचं काम. पण मीठ तुटलं, प्रेशर पडलं की यातल्याच कितीतरी पेशी स्नायूपण सोडून रेनिन बनवायला बसतात. ते रेनिन सगळ्या शरीराला सांगत सुटतं, मीठ सोडू नका, पाणी सोडू नका.”

“नव्या पेशी येतात का?”

“नाही, त्याच. आईच्या पोटात असताना त्या हेच काम करत होत्या. मोठेपणी सोडलं, पण विसरल्या नाहीत. तुम्ही चार महिने त्यांना हाक मारत होता.” पेन ठेवून त्या म्हणाल्या, “तुम्हाला आजार नसावा. तुमच्या किडन्या तुमचा जीव राखतायत. पण हे फार काळ ताणू नये. प्राण्यांमध्ये अशानं नळीच्या भिंती जाड झालेल्या दिसल्यात. नेहमीसारखं मीठ खा. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासू. तेव्हाही आकडा हलला नाही, तर मग खरी भीती.”

कोपरी

त्या दुपारी मी डोंबिवलीला परतू शकले नाही. पारूमावशींची कामाची पाळी सुटली आणि त्या मला खाडीकडे घेऊन गेल्या. मिठागरांचे जुने बांध अजून दिसतात, गवताखाली सरळ रेषा. मधले वाफे चिखलाने भरले होते, आणि त्यात तिवरांची रोपे बोटे वर करून उभी होती. वाऱ्याला कुजक्या पाण्याचा आणि मिठाचा वास. चार महिन्यांनी तो माझ्या जिभेवर बसला आणि तोंडाला पाणी सुटले. मला स्वतःचीच लाज वाटली.

“पुन्हा पाणी घेतलं तर धरेल का मीठ?” मी विचारले.

“आता? आता नाय. तिवरांनी मुळां धरलीन.”

मला दुसरे उत्तर हवे होते. मोहनच्या चित्रातली निळी जळमटे आठवली. काही वाफे परतत नाहीत.

घरून त्यांनी एक पुडी आणून दिली: राखाडी, जाड खड्यांचे मीठ, त्यांच्या वडिलांच्या हातच्या शेवटच्या पिकातले. “ह्या ने. लगेच खा असा मी नाय बोलत. तुजा तू नि तुजा देव. पन पानात वारून घे.”

पुन्हा डोंबिवली

पुडी मी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि सगळे सांगितले. शुभा डोळे पुसत म्हणाली, “मला वाटलंच होतं. रोज वाढत होते, म्हटलं एक दिवस तरी खातील.”

मोहनने पुडी हातावर तोलून पाहिली. मग म्हणाला, “म्हणजे चार महिने तू माझी किडनी उपाशी ठेवत होतीस?”

“तुझी?”

“मग कोणाची? तुझ्याकडे नुसती ठेवायला दिलीय. माझ्या वस्तूला न विचारता हात लावायचा नाही, सांगून ठेवतो.”

“थट्टा करू नकोस. आईनं मोडला नव्हता. म्हणून तू—”

“अगं, तेव्हा मला औषधं पण दिलेली ना? आई सांगायची, कडू म्हणून मी थुंकलेलो पण.” त्याचा आवाज अचानक बारीक झाला. “ताई, मलाही भीती वाटते गं. पण तू नसलीस तर जास्त वाटेल.”

“देवीला काय सांगू?”

त्याने पुडी उघडली. ज्याला स्वतःला मिठाची चोरी, त्या माणसाने पांढऱ्या पडलेल्या बोटांनी चार खडे चुरले आणि माझ्या पानात, वर, मधोमध ठेवले. “सांग, मोहननं वाढलं. नाव माझं घे.”

मी वरणभाताचा घास त्या मिठाला लावला. जीभ आधी दचकली. मग गालांच्या आतून, कानांच्या मुळापर्यंत एक धार गेली. भाताला भाताची चव आली, तुपाला तुपाची. मी रडत होते, आणि घासात ते खारट पाणीही मिसळत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोहनला हुडहुडी भरून ताप आला.

त्या दिवसाबद्दल मला सविस्तर लिहिता येणार नाही. शुभा त्याला घेऊन माजिवड्याला गेली. “ताई, तुम्ही घरी थांबा, तुम्हाला चक्कर येते,” असे म्हणून दार ओढून घेतले. पंखा फिरत होता. खिडकीतून तो बदामी वास आत आला आणि मी उठून खिडकी लावली नाही. माझ्यासाठी झाकून ठेवलेले ताट समोर होते. पानात वर, मधोमध, राखाडी मीठ. त्याच्याकडे पाहण्याची हिंमत होईना. मीच केले, मीच केले, असे डोक्यात घण पडत होते. मीठ पुसून टाकावे, वाटीभर दूधभात घ्यावा आणि देवीची क्षमा मागावी, एवढे सोपे होते. कोणी पाहत नव्हते.

पण अंधारात काही पेशी वाट पाहत होत्या, हेही आता मला माहीत होते. मी पुसले तर त्या पुन्हा ओरडत राहतील, तीन आठवड्यांनी आकडा हलणार नाही, आणि भावाचे दार मी दुसऱ्यांदा, या वेळी जाणूनबुजून, लावलेले असेल. दोन्हीकडे भीतीच होती. एकीकडच्या भीतीत निदान मोहनला उपयोग होता.

मी हात धुतले, बसले आणि सगळे ताट संपवले. प्रत्येक घास मिठाला लावून.

दुपारी शुभाचा फोन आला. लघवीचा जंतुसंसर्ग होता. औषध सुरू केले होते. दोन दिवसांत ताप उतरला.

देवरूख

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी नवा कागद माझ्याकडे वळवला. रक्तदाब जागेवर आला होता, गाळणी हव्या त्या रेषेच्या वर चढली होती आणि रेनिन उतरले होते. “गेल्या बघा आपापल्या कामावर,” त्या म्हणाल्या. माझी फाइल पुन्हा उघडली. पारूमावशींनी बातमी ऐकून माझ्या पाठीत एक जोरदार थाप मारली आणि मग घाबरून तिथेच हात फिरवला, “लागला नाय ना गो? तिथंच असतं ना ता?”

खोपटवरून परतीची एस.टी. धरली. देवरूखला आसनावरून उठताना काळे पाणी चढले नाही. दुसऱ्या दिवशी देवळात गेले, नवा नारळ ठेवला आणि या वेळी मोठ्याने, पुजाऱ्यालाही ऐकू जाईल असे, सगळे सांगितले. मोहनचे नाव घेतले नाही. मीठ मी खाल्ले, असेच सांगितले.

शस्त्रक्रिया पाडव्यानंतर आहे. घराची व्यवस्था लावते आहे, कुंड्या शेजारी पोचवल्या आहेत. भीती गेलेली नाही. संध्याकाळी पोटावर हात ठेवून बसते तेव्हा दोघी मिळून, मी आणि ती किडनी, खाडीच्या काठावर उभ्या आहोत असे वाटते. आपल्या जागेवरून उचलून दुसऱ्याच्या पोटात ठेवलेल्या त्या पेशींना तिथे आपले काम आठवेल का, हे डॉक्टरांनाही आधी सांगता येत नाही.

मोहनचा फोन रोज साडेबाराला येतो. हॅलोही म्हणत नाही.

“ताई, माझी किडनी जेवली का?”

मी पानाकडे पाहते. वर, मधोमध, राखाडी चिमूट.

“बसतेच आहे,” मी सांगते. “मीठ वाढलंय.”